मेण न लावलेले स्क्रू

भंवरलाल मिस्त्रींना डॉक्टर सबनिसांनी फसवलं. मिस्त्री जयपूरजवळच्या बस्सी गावचे सुतार, डॉक्टर जयपुरातले हाडांचे नावाजलेले सर्जन. फसवणूक झाली ती एका खोलीच्या लाकडी जमिनीत, फळ्यांच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे. त्यासाठी लागलेला माल मीच आणला होता, घासाघीस करून, स्वतःवर खूश होत. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आज माझा स्वतःचा लाकडी जमिनी घालण्याचा धंदा आहे, केसांना मेंदी लावावी लागते आणि हाताखालची माणसं माझ्या रागाला वचकून असतात. तो राग त्या खोलीतून आलेला आहे. एकदा नीट लिहून ठेवावा म्हणून हे प्रकरण.

बाबा विमा कंपनीत अधिकारी. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या तीन खोल्यांच्या घरात राहिलो. दुपारी सगळी गल्ली कूलरच्या घरघरीत बुडून जायची, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या जाळ्यांचा वास पडद्यांना लागायचा, आणि समोरच्या कोचिंग क्लासातले मास्तर माइकवरून रसायनशास्त्र ओरडायचे. आई बाजरीची भाकरी अगदी सातारच्या पद्धतीने थापायची. बाजरी मात्र इथलीच गोड म्हणून शेजारणींना पटवायची. मी दोन वर्षं त्या कोचिंगमध्ये काढली आणि दोन्ही वर्षं नापास झाले. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, मतलब तुला एकच विषय येतो, भाव करणं." खोटं नव्हतं. घरातली सगळी खरेदी माझ्याकडे होती. गल्लीत भाजीचा ठेला घेऊन येणारा चौथमल मला लांबून पाहिलं की चांगल्या भेंडीवर पोतं ओढायचा. मी पोतं उचलून त्यातलीच घ्यायचे.

डॉक्टर आमच्या घरात आले ते बाबांच्या पायामुळे. सांगानेरच्या वळणावर बाबांची स्कूटर घसरली आणि नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मराठी माणूस म्हणून कुणीतरी सबनिसांचं नाव सांगितलं. त्यांनी ऑपरेशन केलं, फी घेतली नाही, वर रोज संध्याकाळी बायकोच्या, सुमनकाकूंच्या, हातची मऊ खिचडी दवाखान्यात पाठवली. टाके निघाल्यावर त्यांनी मला एक्स-रे दाखवला. मागून उजेड असलेल्या काचेवर बाबांचं हाड धुरासारखं दिसत होतं, आणि त्यात पांढरीशुभ्र पट्टी आणि तिला घट्ट धरून बसलेले सहा स्क्रू. एकेक आटा मोजता येत होता. माणसाच्या आत, रक्तामांसात, कुणीतरी सुतारकाम केलं होतं आणि ते माझ्या बापाला उभं करणार होतं. मी किती वेळ बघत राहिले मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, "हलता कामा नये, मंजू. सगळी विद्या एवढीच. हाड हललं नाही की ते जुळतंच." त्या दिवशी मला हा माणूस देवासारखा वाटला. आजही बाबा ऐंशीच्या घरात काठीशिवाय चालतात. जे आहे ते आहे, मी लपवत नाही.

सुमनकाकू कथक शिकवायच्या. पुण्यात शिकल्या, जयपूरला लग्न होऊन आल्यावर इथल्या गुरूंकडे पुन्हा पहिल्यापासून शिकल्या. त्यांचा क्लास घराच्या मागच्या मोठ्या खोलीत चाले, कोटा दगडाच्या फरशीवर. तीस वर्षं दगडावर पाय आपटून त्यांचे गुडघे झिजले होते. जिना उतरताना त्या कठडा धरून आडव्या उतरायच्या आणि वर हसून म्हणायच्या, "हाडांच्या डॉक्टरची बायको आणि हाडांची ही तऱ्हा." दगड पाय परत फेकतो, लाकूड पाय झेलतं, असं त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी ठरवलं, खोलीला सागवानी जमीन घालायची. त्या काळी जयपुरात जो तो मकराण्याच्या संगमरवराच्या मागे होता. लाकडी जमीन म्हटलं की लोक म्हणायचे, वाळवीला आमंत्रण देताय का. डॉक्टरांनी बस्सीहून भंवरलाल मिस्त्रींना बोलावलं, आणि सामान आणायला मला. मला वाटलं, बाबांच्या फीची फेड माझ्या हातून होतेय. त्या आनंदात मी किशनपोल बाजाराचे किती खेटे घातले, मोजले नाहीत.

मिस्त्री साठीचे, बारीक, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला नागमोडी पट्ट्यांचा लहरिया साफा. पहिले तीन आठवडे त्यांनी काहीच केलं नाही. फळ्या आल्या, त्या त्यांनी खोलीत मधे मधे काड्या घालून रचल्या, आणि रोज सकाळी बसने येऊन एक फेरी मारून जायचे. फळीवर तळहात ठेवायचे, तिच्या टोकाचा वास घ्यायचे, निघायचे. डॉक्टर वैतागले. मिस्त्री म्हणाले, "साब, ये अभी आई है. इसको घर की हवा तो समझने दो." खोलीला सागाचा असा वास भरला होता, कडसर, जुन्या कपाटासारखा, की क्लासच्या मुली घुंगरू न बांधता नुसत्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मला मिस्त्री 'बाईसा' म्हणायचे. माझ्या वयाच्या मुलीला एवढ्या मानाने हाक मारणारा तो पहिला माणूस.

चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, "बाईसा, अब पेच देखेंगे." त्यांच्या भाषेत स्क्रू म्हणजे पेच. फळी महाग, फळीवर सगळ्यांचं लक्ष, पण जमीन उभी राहते ती पेचावर, आणि तो एकदा आत गेला की मालकाला जन्मात दिसत नाही, असं त्यांनी मला समजावलं. म्हणून निवडायचा तो सगळ्यात आधी, शांतपणे. त्यांनी सांगितलं, बाजारात मिळेल तो प्रत्येक प्रकार मूठमूठ घेऊन ये, भाव आत्ता करू नको. भाव करू नको, हे मला आयुष्यात कुणी पहिल्यांदा सांगितलं.

किशनपोलमध्ये एका जुन्या लोखंडी सामानाच्या दुकानात मी तासभर डबे उघडायला लावले. एकेक स्क्रू उजेडाकडे धरून बघत होते. दुकानातले शेठजी शेवटी वही मिटून म्हणाले, "बाईसा, फर्श बिठाना है कि बेटी ब्याहनी है? पेच में इतना क्या देखना."

"बेटी ब्याहनी होती तो आपसे पूछती भी नहीं, शेठजी. आपकी दुकान में तो पेच भी टेढ़े निकलते हैं."

त्यांना हसू आलं. चहा मागवला आणि चार पुड्या बांधून दिल्या. एकीत साधे चकचकीत खिळे. दुसरीत पितळेचे स्क्रू. तिसरीत नवे आलेले काळे स्क्रू, जिप्समच्या छतासाठी वापरतात ते, डोक्यापासून टोकापर्यंत धारदार आटे असलेले. चौथीत जुन्या पद्धतीचे राखाडी लोखंडी स्क्रू, खालचा अर्धा भाग आट्यांचा आणि वरचा अर्धा गुळगुळीत. या चौथ्या पुडीबद्दल शेठजी म्हणाले, "ये तो कोई लेता ही नहीं अब."

मिस्त्रींनी अंगणात पोतं पसरलं. सागाचे चार तुकडे चार आडव्या लाकडांवर ठेवले आणि प्रत्येकात एकेक प्रकार बसवला. आधी गिरमिटाने बारीक भोक, मग तिरका स्क्रू, फळीच्या कडेला जी बारीक जीभ असते तिच्यातून, म्हणजे पुढच्या फळीची खाच तिच्यावर बसली की डोकं झाकलं जातं. पितळेचा तिथेच बाद झाला. सागाच्या कडकपणापुढे त्याच्या डोक्यावरची खाच पेचकसाखाली चुरली. उरलेले तीन तुकडे त्यांनी तीन दिवस छळले. रात्रभर ओल्या पोत्यात, दिवसभर उन्हात. चौथ्या दिवशी डॉक्टर आणि काकूंना बोलावलं. खिळ्याच्या तुकड्यावर त्यांनी पाय दिला आणि तो उंदरासारखा चूं करून उठला. "ये हर कदम पे बोलेगा. आपके तबले से पहले ये बोलेगा," ते काकूंना म्हणाले.

डॉक्टरांनी काळा स्क्रू हातात घेतला होता. बोटांत फिरवून त्याचे आटे बघत होते, दवाखान्यात बघतात तसे. "हा घ्या, मिस्त्रीजी. काय कडक आहे. मेरी तो पूरी उमर पेच लगाने में गई. एकदम टाइट, हिलने का नाम नहीं."

मिस्त्री म्हणाले, "आपकी हड्डी जुड़ने के लिए रुकती है, डॉक्टर साब. लकड़ी को जुड़ना थोड़े ही है. जेठ में सिकुड़ेगी, सावन में फूलेगी. उसे हिलना है." मग त्यांनी लाकडी हातोडा घेतला आणि काळ्या स्क्रूच्या तुकड्यावर आडवा मारला. एकदा. टक् असा आवाज झाला, आवाज कसला, काच तडकावी तसा, आणि डोकं उडून माझ्या पायाशी येऊन पडलं. मग राखाडी स्क्रूच्या तुकड्यावर तसाच घाव. तुकडा कलला, स्क्रू वाकला, सुटला नाही. उलट्या बाजूने मारलं, तो सरळ झाला. पुन्हा मारलं. मी मोजत होते. सात वेळा तो वाकला आणि सात वेळा परत आला, फळीला धरून. शेठजींच्या दुकानात कुणी न घेणारा, धुळीतला, चार आण्याची किंमत नसलेला तो लोखंडाचा तुकडा. माझ्या अंगावर काटा आला. एक्स-रेच्या काचेपुढे आला होता तसाच. घट्ट धरणं एक आणि धरून राहणं दुसरं, हे मी अंगणात उकिडवी बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "मान लिया, मिस्त्रीजी." काकू होत्या, मी होते. आमच्यासमोर म्हणाले.

राखाडी स्क्रूंचा मी जो भाव केला तो किशनपोलमध्ये पुढे वर्षभर सांगितला जात होता. सगळा माल जिन्याखाली तुपाच्या रिकाम्या डब्यांत ठेवला. लोखंड सागाला काळं करू नये आणि आत जाताना लाकूड फाटू नये म्हणून प्रत्येक स्क्रू मेणावर घासायचा, हे काम मिस्त्रींनी मला दिलं. घरी आणून मी भात शिजेपर्यंत घासायचे, जेवताना बोटांना मेणाचा वास यायचा. आई म्हणायची, "पोरगी कोचिंगला एवढी घासली असती तर आज डॉक्टरीण झाली असती." मिस्त्री दाराकडून सुरुवात करून एकेक ओळ बसवत होते. निम्मी खोली झाली तेव्हा त्यांनी मला चप्पल काढून वर उभं केलं. पायाखाली काहीतरी जिवंत होतं. टाच टेकवली की खालून हलकेच कुणीतरी हात लावून परत पाठवत होतं.

मिस्त्रींची एक रीत होती. शेवटची फळी बसवण्याआधी ते तिच्या पोटाला पेन्सिलीने आपलं नाव लिहीत. बाप लिहायचा, आजा लिहायचा. कुणाला दिसणार नाही, पण त्या जमिनीला काही झालं तर त्या नावाने जबाब द्यायचा. बस्सीत भाचीचं लग्न निघालं, तेव्हा ते आठ दिवसांची सुट्टी मागून गेले. जाताना मला म्हणाले, "आखिरी फट्टी मेरे लिए छोड़ना, बाईसा."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "मंजू, नाचाच्या खोलीचं छत करून घेतोय, जिप्समचं. ते काळे स्क्रू आण बरं दहा डबे." छतासाठी काळे स्क्रू, यात मला शंका यायचं कारणच नव्हतं, ते त्यासाठीच असतात. मी शेठजींच्या दुकानात गेले, भांडले, दुकानाच्या पायऱ्या दोनदा उतरले, दोनदा त्यांनी परत बोलावलं, आणि दहा डब्यांवर अकरावा फुकट घेऊन आले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आठवडाभर खोलीचं दार बंद होतं. आत मशीनचा आवाज चालायचा. छताची धूळ आहे, असं सांगत.

मिस्त्री परतले तेव्हा छत झालं होतं. जमीनही झाली होती, खिडकीच्या भिंतीपर्यंत, शेवटच्या फळीसकट, आणि वर पॉलिशचा पहिला हात. डॉक्टर म्हणाले, पाडव्याला उद्घाटन करायचं म्हणून घाई केली, छतवाल्या कारागिरांकडून उरलेल्या ओळी बसवून घेतल्या.

मिस्त्रींनी विचारलं, "पेच वही?"

"वही. आपके ही डिब्बे के."

मिस्त्री खिडकीपाशी जाऊन बसले. शेवटच्या फळीवर त्यांनी बोट फिरवलं. भिंतीलगतच्या या फळीला स्क्रू वरून मारावे लागतात आणि भोकं लाकडाच्या बारीक गोळ्यांनी बुजवतात. त्या गोळ्या नीट बसल्या नव्हत्या. ते म्हणाले, "बस ये एक खोल दूँ साब, नाम लिखके वापस." डॉक्टर हसले. "अब रहने दीजिए, पॉलिश खराब होगा. नाम तो आपका पूरे जयपुर में होगा." मिस्त्रींनी मान हलवली आणि उठले. मी शेजारी उभी होते. माल ओळखणारी, भाव ओळखणारी मी, मला त्या हसण्यात काही दिसलं नाही.

पाडव्याला काकू त्या जमिनीवर पहिल्यांदा उभ्या राहिल्या. आधी घुंगरूंशिवाय. डोळे मिटून नुसती पावलं टाकली, ता थेई थेई तत्, हळू, मग दुप्पट, मग चौपट. दगडावर तो आवाज कोरडा यायचा, फटाफट. इथे तो खालून भरून आला, मोठ्या नगाऱ्यासारखा, आणि खिडकीच्या काचा त्याच लयीत वाजू लागल्या. काकू थांबल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गुडघा बोलला नाही," एवढंच म्हणाल्या. आज इतक्या जमिनी घातल्या, पण तो आवाज मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आषाढात गुरुपौर्णिमेला क्लासचा कार्यक्रम असे. जयपुरातली सगळी मराठी कुटुंबं येत, बँकेतले, विद्यापीठातले, दवाखान्यातले. आठवडाभर हवा दमट झाली होती, मीठ चिकटू लागलं होतं. काकूंनी ठरवलं होतं की यंदा शाल-नारळ मिस्त्रींना द्यायचा. ते नवा साफा बांधून, भाचीच्या नवऱ्याला घेऊन, पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या मागे दोन घरचे लोक होते, त्यांनी आपल्याकडे अशीच जमीन करायचं मिस्त्रींशी बोलून ठेवलं होतं. मुलींचं झालं आणि शेवटी काकू उठल्या. दाराकडच्या बाजूने नाचत त्या खिडकीकडे सरकल्या. चौपट लय चालू असताना खालून आवाज आला, टक्. मी तो ओळखला. अंगणातला आवाज. मग दुसरा. मग तीन एकदम, लांब, भिंतीकडे, जिथे कुणाचा पायही नव्हता. फुगलेलं लाकूड आणि वरून काकूंची टाच, दोहोंच्या मधे फळीखाली पोलाद तुटत होतं. भीती वाटायला हवी होती, पण पहिल्या क्षणी मला वाटलं ते आश्चर्य. वर्षानुवर्षं मेलेलं, कापलेलं, रंधलेलं लाकूड, आणि त्यात एवढी ताकद. मग एका फळीची कड बोटभर वर आली, काकूंचा पाय तिला लागला, आणि त्या झिजलेल्या गुडघ्यावर पडल्या.

त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी गुडघा तपासला, उठले, आणि सगळ्यांच्या देखत मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "मिस्त्रीजी, उमर हो गई है आपकी. मला आधीच कळायला हवं होतं."

मिस्त्रींनी भाचीच्या नवऱ्याकडून हत्यारांची पिशवी मागून घेतली, ती त्यांच्यासोबत कायम असे. खिडकीच्या भिंतीशी बसले, लाकडाच्या गोळ्या टोकरून काढल्या आणि शेवटची फळी उचकली, जी त्यांना नावासाठी उघडू दिली नव्हती. ती हाताने वर आली. तिच्यात काळ्या स्क्रूंची नुसती डोकी होती. त्यांनी एक उचलून बोटांत चोळलं, उजेडाकडे धरलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाईसा, ये आप लाई थीं?"

"हो," मी म्हणाले. "हाँ. लेकिन..."

माझा लेकिन पुरा व्हायच्या आत त्यांनी पिशवी उचलली होती. नारळ खुर्चीवर तसाच राहिला.

मी जिन्याखाली धावले. तुपाचे डबे तिथेच होते, निम्म्याहून अधिक भरलेले, माझ्या हातचं मेण लागलेले. एक डबा आणून मी डॉक्टरांच्या पुढ्यात उपडा केला. मेणाचे स्क्रू सगळ्या खोलीभर घरंगळले. "हे आहेत मिस्त्रींचे. काळे तुम्ही छतासाठी म्हणून मागवले होते. त्यांना सांगितलंत तेच आहेत म्हणून. सांगा आता सगळ्यांना."

डॉक्टर बँकेतल्या एका गृहस्थांकडे पाहून हसले. "उरलेले असतील. पोरीचा काहीतरी घोळ झालाय."

बाबांनी माझा दंड धरला. "मंजू, चल घरी." रस्त्यात मी रडत होते, रागाने. बाबा म्हणाले, "माझ्या पायात त्यांचे स्क्रू आहेत गं."

"कुठले घातलेत ते तरी बघून घ्या," मी म्हणाले. बाबा त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बस्सीची बस धरली. वाटेत कानोत्याच्या धरणावर सहलीला आलेली माणसं पाण्यात पाय सोडून बसली होती. मला ती पाहून उगाच चीड आली. मिस्त्रींच्या अंगणात रंध्याच्या ढलप्यांचा ढीग होता. त्यांनी मला खाटेवर बसवून ताक दिलं. मी सगळं सांगितलं, छत, फोन, अकरावा डबा. ते ऐकत राहिले.

"मुझे तो वहीं पता चल गया था," ते म्हणाले. "उस पेच पे मोम नहीं था. आपके हाथ से गुज़रता तो मोम होता."

"मग मला का विचारलंत सगळ्यांसमोर?"

"सोचा, डॉक्टर साब बोलेंगे. बच्ची पे बात आती देखके तो बोलेंगे." त्यांनी पेला माझ्याकडून घेतला. "आप मत बोलो अब. आप बोलोगी तो लोग कहेंगे बच्ची है, मिस्त्री ने सिखाया है. उनके मुँह से निकले, तब बात है."

त्या दोन घरच्या लोकांनी काम दुसऱ्याला दिलं. जयपुरातून मिस्त्रींना पुन्हा बोलावणं आलं नाही. ते बस्सीत खाटा आणि दारं करत राहिले. मी मात्र दर आठवड्याला ती बस धरत राहिले. पहिल्यांदा लाज वाटत होती म्हणून, मग शिकायचं होतं म्हणून. लाकडाचं आज मला जे काही येतं ते त्या अंगणातलं आहे. माझ्या प्रत्येक कामात शेवटच्या फळीच्या पोटाला मी पेन्सिलीने त्यांचं नाव लिहिते, माझं नाही. त्या तुपाच्या डब्यांतला एक मी नंतर घेऊन आले, तो आज माझ्या टेबलावर आहे. त्यातला एकही स्क्रू मी वापरलेला नाही.

काकू त्यानंतर बसूनच शिकवायच्या. हाताने लय दाखवायच्या. जिन्याखालच्या डब्यांचं त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या आता नाहीत, म्हणून त्यांना काही विचारायचं राहिलेलं नाही.

तुम्ही आहात, डॉक्टर. पुण्यात मुलाकडे असता, सकाळी फिरायला जाता, हे मला ठाऊक आहे. तुमचं चुकलं त्याबद्दल मी भांडत नाही. तुम्हाला खरंच वाटलं होतं की न हलणारं ते चांगलं, आणि बायकोच्या गुडघ्यासाठीच तुम्ही ते केलंत. पण 'वही' म्हणालात, ते खोटं होतं, आणि भरल्या खोलीत त्यांचं वय काढलंत, तेव्हा तुम्हाला ते ठाऊक होतं. मला पत्र नको, माफी नको. एकदा बस्सीला जा. 'दारापासून निम्मी जमीन यांची होती आणि ती आजही जागची हललेली नाही, तिथून खिडकीपर्यंतची माझी होती', एवढं त्यांच्या अंगणात, गल्लीतली चार माणसं जमवून सांगा. मिस्त्री पंच्याऐंशीचे आहेत. त्यांना आता कमी ऐकू येतं. मोठ्याने सांगावं लागेल.